मधातलं

वैजूनं मौद्याला पिठाची गिरणी टाकली
तेव्हा उधारीचा तक्ता कसा भरायचा
हे दाखवायचं काम माझ्याकडे आलं.
फोनवर सांगून होत नाही.
"कोणता चौकोन, वहिनी?" ती विचारते,
आणि चौकोन तर सगळे सारखेच.

म्हणून पडदाच रेकॉर्ड केला.
नऊ वर्षांचा लॅपटॉप,
बिजागरीला चिंधी बांधलेली,
'ळ' एकदा दाबला की दोनदा उमटतो.
लावून पाहिलं तर बाण इथं,
मग एकदम तिथं,
मधे काही नाही.
माझा आवाज मात्र अखंड:
"आता हळूहळू खाली या,"
आणि बाण खाली कधीचाच जाऊन बसलेला.

माझे सासरे पाचपावलीत मागावर बसायचे.
त्यांनी बघितलं असतं तर म्हणाले असते,
ताणा आहे, बाणा तुटला.

मोदी नंबर तीनच्या गल्लीत नौशादनं झाकण उघडलं.
पंख्यातून बोटभर धूळ काढली,
कागदावर ठेवून मला दाखवली,
दंतवैद्य उपटलेला दात दाखवतो तशी.
"दीदी, याच्यात तीन उन्हाळे भरले हाये.
मशीन तापली का मधातलं गाळून टाकते.
सेकंदाले साठ फ्रेमा कायले पाह्यजे? तीस ठेवा.
पडदा बी लहान करा, सातशेवीस बस झाला.
अन् ते बाकीचं बंद करा न बाप्पा,
किती उघडं ठेवून राहिल्या!"

उघडं होतं ते असं:
विजेचं बिल, दोनदा.
हवामान, सेहेचाळीस.
गुडघ्याच्या एका तेलाची जाहिरात.
चुलत जावेच्या लेकीच्या लग्नाचा अल्बम,
ज्या लग्नाला आम्हाला बोलावलं नव्हतं.
एकेक मिटवलं.
अल्बम मिटवायच्या आधी शेवटपर्यंत पाहिला.

रात्री घरी परात पालथी घातली,
तिच्यावर लॅपटॉप, चार्जर लावून,
कुलरच्या समोर नाही, ओल लागते,
जरा तिरपा.
कुलर चालू ठेवला
तर रेकॉर्डिंगमधे समुद्र गाजतो
(नागपुरात, मे महिन्यात, समुद्र);
बंद केला तर पाचव्या मिनिटाला
लॅपटॉपचाच पंखा किंचाळतो.
म्हणजे माझ्याकडे चार मिनिटं.
कुलर बंद, बोल, थांब, कुलर चालू,
पाणी पी, पुन्हा.

सातव्या वेळी धड झालं.
बाण सरकत गेला सलग,
ठाणावरून हात फिरावा तसा.
आणि मग मला मी दिसले.
'जमा'कडे निघालेली,
वाटेत 'बाकी'वर घोटाळलेली,
चाळीसचे चारशे केले, खोडले,
मग नुसतीच थांबलेली.
किती वेळ? मोजला.
साडेसहा सेकंद.

तुटक होतं तेव्हा यातलं काहीच दिसत नव्हतं.
बिचारी मशीन माझी झाकून घेत होती
आणि मी तिला गल्लीत नेऊन
चारचौघांत उघडी केली.

पुन्हा करावं असं मनात आलं.
पावणेबारा वाजलेले,
ब्लाउज पाठीला चिकटलेला,
परातीला हात लावला तर भाकरी भाजावी इतकी गरम.
नाही केलं. पाठवून दिलं.

सकाळी वैजूचा निरोप,
मागं गिरणीचा पट्टा फटफटतोय:
"वहिनी, तुम्ही जिथं चुकल्या न,
त्याच जाग्यावर मले समजलं.
बाकी तर लय फास्ट गेलं."

मी चुकले नव्हते,
विचार करत होते,
असं लिहिलं.
बराच वेळ बोट त्या ओळीवर.
मग ती खोडली,
आणि 'भाग दोन आज रात्री'
एवढंच पाठवलं.